गोवरीची राख

उन्नती पट्टी न्यायला आली तेव्हा मार्च संपत आला होता. उन्नती म्हणजे भैरवीची विद्यार्थिनी. भैरवी माझी बायको. ती फेब्रुवारीत गेली.

पट्टी म्हणजे बोटाएवढी पुठ्ठ्याची चपटी डबी. मधे गोल खाच, खाचेचा तळ काळा, वरून काच सरकवायची सोय. खाचेत पांढरे कण होते. नुसत्या डोळ्यांना बारीक रवा वाटावा असे. मायक्रोस्कोपखाली ते शंख होते, पोकळ, आत छोट्या छोट्या खोल्या असलेले. ते दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्राच्या तळातून आले होते. तिथे किनाऱ्यालगत समुद्रावर बर्फाचं जाड छत तरंगत असतं. लोक त्या बर्फावर तंबू ठोकतात, गरम पाण्याने बर्फात भोक पाडतात, भोकातून नळी सोडतात आणि तळाचा गाळ नळीत भरून वर ओढतात. मग तो गाळ थराथराने कापून, बाटल्यांत घालून ठिकठिकाणी पाठवला जातो. एक वाटा नागपूरला भैरवीकडे यायचा. ती स्वतः तिकडे कधी गेली नाही. थंडी तिला सोसायची नाही. डिसेंबरात घराजवळच्या बेसा चौकापर्यंत जायचं तरी कान बांधून निघायची.

त्या नळीत खाली गोटे आणि घट्ट माती होती. म्हणजे तेव्हा बर्फ तळाला टेकलेला होता आणि तळ खरडत होता. त्याच्या वर मऊ गाळ, आणि गाळात शंख. म्हणजे बर्फ उचलला गेला, खाली पाणी शिरलं, पाण्याबरोबर जीव आले. सगळ्यांत खालच्या शंखांचं वय कळलं की बर्फ कधी उचलला गेला ते कळतं. भैरवीचा एवढाच प्रश्न होता. मी ओळखायला लागलो तेव्हापासूनचा नव्हे, पण शेवटची कित्येक वर्षं हाच.

वय कसं काढतात ते तिने मला एकदा स्वयंपाक करता करता सांगितलं होतं. मी बुटीबोरीला धाग्याच्या कारखान्यात स्टोअरला होतो, मागच्या वर्षी निवृत्त झालो. मला यातलं काही येत नाही. तिने सांगितलं ते असं. जिवंत असेतो प्रत्येक जीव एका जातीचा कार्बन घेत राहतो. मेला की घेणं थांबतं. असलेला हळूहळू कमी होत जातो. उरला किती ते मोजायचं.

मी विचारलं होतं, "म्हणजे किती जगला ते कळतं?"

"नाही हो. जगला किती ते नाही कळत. मेल्याला किती झाले तेवढंच कळतं."

तेव्हा ते ऐकून मी जेवायला बसलो होतो.

दुसरे काही लोक होते, त्यांनी त्याच नळीतला नुसता गाळ मोजला होता. शंख निवडत बसण्याएवढा वेळ त्यांच्याकडे नव्हता. त्यांचं उत्तर बावीस हजार वर्षं आलं. भैरवी म्हणायची, गाळ खोटं बोलतो. बर्फ खडक खरडतो, त्यात जुना कोळसाही असतो, आणि कोळसा इतका जुना की त्यात मोजायला काही उरलेलंच नसतं. असा कोळसा मिसळला की वय वाढून येतं. उमरेडच्या खाणीतली मूठभर पूड तुमच्या पिठात घातली तर तुमची पोळी अश्मयुगातली निघेल, म्हणायची. तिचा अंदाज होता सात हजार. तसं तिने छापूनही टाकलं होतं, अंदाज म्हणून. त्यावर एका मोठ्या माणसाने लिहिलं होतं की बाईंनी आधी शंख दाखवावेत. ते तिला लागलं होतं.

खालच्या थरात शंख फार थोडे असतात. एक मोजणी होईल इतके जमवायला तिला वर्षाच्या वर लागलं. शेवटचे काही महिने ती घरीच होती. मायक्रोस्कोप कॉलेजातून आणून मागच्या खोलीत, पलंगाला लागून टेबलावर ठेवला होता. बसता येत होतं तोवर बसली. शेवटी शेवटी बोटं थरथरायची म्हणून पट्टीची काच सरकवणं तिला जमेना, तेव्हा ती पट्टीवर स्टीलची वाटी पालथी घालून ठेवायची. त्याच पलंगावर ती गेली. पट्टी वाटीखाली तशीच राहिली. शंख पुरेसे झाले आहेत, असं तिने उन्नतीला आदल्या आठवड्यात फोनवर सांगितलं होतं.

म्हणून उन्नती आली होती. तिच्या ओळखीचे कोणी सोमवारी दिल्लीला निघणार होते, मोजणी तिकडच्या लॅबमध्ये व्हायची होती. काटोलहून बसने आली, येताना संत्र्यांची पिशवी आणली. तिच्या वडिलांचा संत्र्यांचा व्यापार आहे. मी चहा ठेवला. ती मागच्या खोलीत गेली आणि तिथूनच बोलली.

"काका, सफेदी केली का घराची?"

"नाही."

"मग हे मायक्रोस्कोपवर पांढरं काय आहे?"

"राख आहे ती. दहाव्याची."

मी चहा घेऊन आत गेलो. तिने एक बोट टेबलावरून फिरवून डोळ्यांसमोर धरलं होतं.

"कोणती राख, काका?"

मी सांगितलं. आमच्याकडे दहाव्याच्या रात्री, माणूस जिथे गेला तिथे जमिनीवर राख चाळून पसरतात. त्यावर टोपली पालथी घालतात. शेजारी दिवा आणि वाटीभर पाणी. सकाळी टोपली उचलून पाहायचं, राखेत कशाचे पाय उमटले. त्यावरून गेलेला माणूस कोणत्या जन्माला गेला ते समजायचं. माझी मोठी बहीण इंदुताई काटोलहूनच आली होती, येताना गोवऱ्या घेऊन आली. बेशाला गोवऱ्या कुठे मिळणार. तिने त्या अंगणात जाळल्या आणि राख चाळायला चाळणी मागितली. स्वयंपाकघरातली चाळणी तिला जाड वाटली. मागच्या खोलीतल्या फळीवर भैरवीच्या पितळी चाळण्या होत्या, त्यांतली एक तिने घेतली. राख फार छान पडली म्हणाली. पावडरसारखी.

"मॅडमच्या चाळणीने," उन्नती म्हणाली.

"हो. नंतर धुऊन ठेवली."

"आणि पट्टी? पट्टी तर झाकलेली होती ना?"

मी वाटीकडे पाहिलं. वाटी पट्टीवर होती. पण त्या रात्री नव्हती. पाण्यासाठी जवळची म्हणून ताईने तीच उचलली होती. सकाळी मी ती दिव्याजवळून उचलली, धुतली आणि परत पट्टीवर ठेवली. सकाळी खोलीत माणसं गोळा झाली होती, कोणीतरी पंखा लावला होता. हे सगळं मी सांगितलं. मला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. ती विचारत होती म्हणून सांगत होतो.

"काय दिसलं होतं राखेत?"

"ताईला चिमणीचे पाय दिसले. मला काही दिसलं नाही."

उन्नती पलंगावर बसली. भैरवी गेल्यापासून त्या पलंगावर कोणी बसलं नव्हतं. तिच्या लक्षात आलं आणि ती उठून उभी राहिली. मी म्हणालो, बस, काही होत नाही.

मग तिने मला लिंबू मागितलं. टेबलावरची राख ब्रशने काचेच्या तुकड्यावर घेतली, त्यावर लिंबाचा थेंब पाडला आणि मला मायक्रोस्कोपमधून पाहायला लावलं. करड्या कणांमधून बुडबुडे निघत होते. छोटे, एकामागून एक.

"शंखावर ॲसिड टाकलं की असंच होतं," ती म्हणाली. "लॅबमध्ये शंख ॲसिडमध्ये विरघळवतात. जो वायू निघतो त्यातलाच कार्बन मोजतात. राख सोबत गेली की राखेचाही वायू मोजला जाणार."

"मग?"

"गाय गवत खाते काका. यंदाचं गवत. ह्या राखेचं वय शून्य आहे. थोडीशी जरी शंखांच्या आत शिरली असेल ना, तर सगळ्यांचं वय खाली येणार."

"धुता नाही येणार?"

"एवढे नाजूक आहेत. धुवायचं म्हणजे ॲसिडनेच वरचा थर काढायचा. मग मोजायलाच काही उरणार नाही."

शंख विरघळवतात हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, मोजून परत देतात. मी विचारलंही, "म्हणजे शंख परत येत नाहीत?"

"नाही, काका."

चहावर साय आली होती. वय खाली येणार, हे माझ्या डोक्यात उशिरा शिरलं.

"खाली म्हणजे किती?" मी विचारलं.

"कसं सांगू? आठ, सात, पाच. राख किती त्यावर."

"सात येईल?"

तिने माझ्याकडे पाहिलं.

"येऊ शकतं," ती म्हणाली.

"मग पाठव ना. बाईचं खरं होईल."

मी हे अगदी साधेपणाने बोललो. खरंच मला त्यात काही वावगं वाटलं नाही. भैरवीने वर्षभर निवडले, तिला सात पाहिजे होतं, सात आलं असतं, त्या मोठ्या माणसाला शंख दाखवून झाले असते. उन्नतीचा प्रबंधही त्या आकड्यावर अडला होता. तिला माझ्याहून जास्त गरज होती.

उन्नती खिडकीबाहेर पाहत होती. समोरच्या प्लॉटवर फ्लॅटचं काम चालू होतं, मिक्सर फिरत होता.

"मॅडमनी एकदा माझे सहा महिन्यांचे शंख कचऱ्यात टाकले होते," ती म्हणाली. "मी पट्टीवर डिंक लावला होता, चिकटून राहावे म्हणून. डिंक ताज्या झाडाचा. मी खूप रडले. त्या म्हणाल्या, रडून झालं की हात धू आणि परत बस. आता हे पाठवलं ना काका, तर त्या मला स्वप्नात येऊन मारतील."

"तुला मारेल. मला तर काहीच म्हणणार नाही," मी म्हणालो.

ती थोडी हसली. मग डोळे पुसले. सोमवारचं पार्सल तिने फोन करून रद्द केलं.

जाताना तिने सांगितलं की त्या थराचा उरलेला गाळ अजून आहे. भैरवी धड, अख्खे शंख निवडायची. तुटके, अर्धे तसेच सोडायची, बंद बाटल्यांत. फळीखालच्या बिस्किटांच्या डब्यात त्या बाटल्या होत्या, झाकणं घट्ट. त्यांना राख लागलेली नव्हती. तुटक्यांचंही वय तेच असतं.

"पण कोण निवडणार," ती म्हणाली. "कॉलेजात मला आता रोज चार तास शिकवायचं असतं. तिथल्या मायक्रोस्कोपवर बीएस्सीची पोरं बसलेली असतात."

"मी काय करतो दिवसभर?" मी म्हणालो.

हे मी तिला विचारलं नव्हतं, पण तिने उत्तर दिलं. "काका, डोळे जातात. कंबर जाते."

"जाऊ दे."

आधी खोली धुवावी लागली. भैरवी गेल्यापासून मी त्या खोलीतलं काही हलवलं नव्हतं, चादरसुद्धा. उन्नती म्हणाली, चादर, पडदे, उशा सगळं बाहेर. भिंती ओल्या फडक्याने, फरशी तीन-चार पाण्यांनी. मी केलं. पहिल्या पाण्यात राख आली. चादर धुवायला टाकताना मी तिचा वास घेईन असं मला वाटलं होतं, पण मी घेतला नाही. सरळ बादलीत टाकली. टेबल पुसून झालं की उन्नती कापसाच्या बोळ्याने कोपऱ्यातली धूळ घेऊन त्यावर लिंबू टाकायची आणि पाहायची. बुडबुडे यायचे. मग मी परत पुसायचो. यायचे बंद झाले तेव्हा एप्रिल लागला होता.

मग तिने नियम सांगितले. घरात उदबत्ती लावायची नाही. धूप, कापूर काही नाही. देवापुढे दिवा लावायचा असेल तर तो अंगणात तुळशीजवळ. खोलीत सुती कपड्यांनी झटकायचं नाही. हातांना क्रीम नाही. पंखा बंद, कूलर बंद, वाऱ्याने शंख उडून जातात. नागपूरच्या एप्रिलमध्ये.

काम असं होतं. काळ्या ताटलीत चिमूटभर गाळ पसरायचा. ताटलीवर पांढऱ्या रेषांच्या चौकटी असतात, एकेक चौकट पाहत जायची. शंख दिसला की दोन-चार केसांचा ब्रश पाण्याने ओला करून टोकाने उचलायचा आणि नव्या पट्टीत ठेवायचा. तांदूळ निवडल्यासारखंच आहे, फक्त इथे खडे जास्त आणि तांदूळ थोडे. इंदुताई पूर्वी भैरवीला म्हणायची, "एवढी शिकली वं तू, अन् शेवटी निवडणंच नशिबी आलं ना?" भैरवी म्हणायची, "तुम्ही निवडता ते शिजतं तरी, ताई."

मला जमत नव्हतं. पहिल्या आठवड्यात मी जे जमवलं ते उन्नतीने रविवारी येऊन पाहिलं आणि निम्म्याहून जास्त काढून टाकलं.

"ही वाळू आहे काका."

"चमकत होती."

"वाळूच चमकते. शंख दुधासारखा दिसतो, चमकत नाही. आणि हा... हा धागा आहे."

"कुठला?"

"तुमच्या बनियनचा असेल."

बनियनही गेलं. मी टेरिलीनचा जुना शर्ट घालून बसू लागलो. मे लागला तसा घाम टपकू लागला. एकदा ताटलीत थेंब पडला, ती चिमूट टाकून द्यावी लागली. डोक्याला दुपट्टा बांधला तर त्याचे तंतू पडतात. शेवटी न्हाणीघरात भैरवीची केस झाकायची प्लास्टिकची टोपी लटकत होती, ती घातली. ती आजारपणात आणलेली होती, फारशी वापरली गेली नाही, तोवर केस राहिले नव्हते.

त्याच दिवसांत इंदुताई न सांगता आली. दार उघडंच होतं. ती थेट मागच्या खोलीत आली आणि दारातच थांबली.

"अरे देवा! हे काय घालून बसला गा डोक्यावर?"

"आत नको येऊ ताई. तुझ्या लुगड्याला धूळ आहे."

"माह्या लुगड्याले? मी काय उकिरड्यावरून आली का?" तिने पंख्याच्या बटणाकडे हात नेला. मी ओरडलो. मी ओरडेन असं तिलाही वाटलं नव्हतं आणि मलाही. तिने हात मागे घेतला.

"मरशील ना ह्या खोलीत. काहून करून राहिला हे? तिचं काम तिच्या संगं गेलं."

मी तिला स्वयंपाकघरात नेलं, माठातलं पाणी दिलं आणि सांगितलं. राखेचं सांगितलं, चाळणीचं, वाटीचं. सांगायला नको होतं का, मला माहीत नाही. ती विचारत होती म्हणून सांगितलं. ती ऐकत राहिली. मग पदराने तोंड पुसलं.

"म्हणजे म्याच नासवलं."

"तुला काय माहीत होतं."

"मले काहीच माहीत नव्हतं. तू तर घरातच होता ना? तुले तरी माहीत होतं का?"

"नाही."

"मंग," ती म्हणाली. "दोघंही सारखेच बह्याड." आणि उठून माझ्यासाठी भात-वरण टाकायला लागली. जाताना तिने दारातून विचारलं, "चिमणीचे पाय मात्र होते गा. ते म्या पाहिले. ते तर खोटं नाही ना?"

मी म्हणालो, नाही.

मे संपता संपता मला शंख ओळखू यायला लागले. चांगले येत नव्हते, पण यायला लागले. रविवारी उन्नती थोडेच काढून टाकायची. एका जातीचे शंख जास्त यायचे, वाटोळे, एका बाजूला चपटे. भैरवी त्यांना काय म्हणायची ते उन्नतीला माहीत होतं, एक लांबलचक नाव. मी नाव लक्षात ठेवलं नाही. तुटका असला तरी ओळखायचा, इतकंच. कधीकधी अख्खाही सापडायचा, भैरवीच्या नजरेतून सुटलेला. तो उचलताना मी जास्त वेळ पाहायचो. तिच्याकडूनही सुटायचे, हे मला माहीत नव्हतं.

मला काही वाटत नव्हतं, हे सांगायला हवं. लोक फोन करून विचारायचे, कसं वाटतं. सकाळी बसायचो, ऊन भिंतीवर चढलं की उठून भात खायचो, परत बसायचो. टेबलाच्या उजव्या हाताला फळीवर जुनी पट्टी होती, तिची, वाटीखाली. उन्नतीने विचारलं होतं ती फेकायची का. मी म्हणालो, राहू दे. ती पट्टी दिल्लीला गेली असती तर विरघळून गेली असती. राखेमुळे ती घरात राहिली. हे मी कोणाला बोललो नाही, कारण बोललो असतो तर मला ते बरं वाटतंय असं झालं असतं, आणि तसं नव्हतं. नुसतं तसं होतं.

पावसाळ्याच्या आधी नवी पट्टी भरली. उन्नतीने वजन केलं. एका मोजणीपुरते झाले होते, काठावर. पट्टीची काच मी स्वतः सरकवली, वरून चिकटपट्टी लावली. उन्नती ती घेऊन स्वतः दिल्लीला गेली. कोणाच्या हाती दिली नाही.

निकालाला अडीच-तीन महिने लागले. त्या दिवसांत मी काही केलं नाही. कूलर लावला, पण मग त्याची गरजच राहिली नव्हती.

फोन आला तेव्हा मी भाजी घेऊन येत होतो. गेटजवळ उभा राहून घेतला.

"आलं काका."

"किती?"

"अकरा हजाराच्या वर आलंय. पण त्यातून समुद्राचं वय वजा करायचं. तुम्हाला माहिती आहे ना?"

ते मला माहीत होतं. भैरवीने सांगितलं होतं. तिकडचं पाणीच जुनं असतं, खोलातून वर येणारं. तिथे आज मेलेला जीवही हजाराहून जास्त वर्षांपूर्वी मेलेला निघतो. म्हणून तेवढी वर्षं सोडून द्यावी लागतात.

"मग?"

"दहा हजार. थोडं मागेपुढे. मोजणी चांगली झाली म्हणतात."

पिशवीतली मेथी उन्हात कोमेजत होती. "म्हणजे भैरवी चुकली," मी म्हणालो.

"चुकल्या. ते बावीसवाले जास्त चुकले. पण मॅडमही चुकल्या." मग म्हणाली, "ती पट्टी पाठवली असती तर कदाचित सातच आलं असतं, काका."

"हो."

"तुम्हाला वाईट वाटलं का?"

"काय लिहिणार तू?" मी विचारलं.

"दहा लिहिणार. नावं दोघींची. आणि निवडणारे म्हणून तुमचं, खाली आभारात. चालेल?"

"राखेचं लिहिणार का?"

"लिहावं लागेल. पहिला नमुना का टाकून दिला ते सांगावं लागतं. एका ओळीत लिहीन. घरगुती विधीतली राख, असं."

मी म्हणालो, बरं.

पितृपक्षात इंदुताई आली. पिशवीत गोवऱ्या होत्या. गोवरीच्या निखाऱ्यावर तूप-भात घालून भैरवीच्या नावाने घास द्यायचा होता. तिने पिशवी स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवली आणि लगेच उचलून परत बाहेर ओट्यावर नेली. मी काही म्हणालो नव्हतो.

"ते तुही खोली बंद कर आधी," ती म्हणाली.

मागच्या खोलीत ताटली मांडलेली होती. उन्नतीने आधीच्या थराच्या वरचा गाळ आणून दिला होता. तो बर्फ उचलल्यावर बराच काळ गेल्यानंतरचा होता, त्यात शंख जास्त होते. मी ताटलीवर झाकण ठेवलं, खिडकी लावली, दार ओढलं आणि दाराच्या खाली ओला टॉवेल गुंडाळून दाबला. ताई कमरेवर हात ठेवून बघत होती.

"काय निघालं मग त्याचं? पोरीचा फोन आला म्हणे."

"दहा हजार वर्षं."

"अन् भैरवी काय म्हणे?"

"सात."

"म्हणजे चुकलीच वं बाई," ताई म्हणाली. "जित्ती असती तर भांडली असती तुझ्यासंगं. म्हणली असती, तुले निवडता येत नाही म्हणून दहा आले."

"म्हणाली असती."

मी ओल्या टॉवेलाजवळ तसाच उभा राहिलो. ते वाक्य भैरवीच्या आवाजात मला नीट ऐकू आलं. त्याला काय उत्तर दिलं असतं तेही माहीत होतं. मी म्हणालो असतो, मग तू निवड ना उठून. आणि ती उठली असती. ताई गोवरी पेटवायला बाहेर गेली तरी मी तिथेच होतो.

"चाल ना गा," ताई बाहेरून म्हणाली. "निखारा विझून राहिला."

गोवरी तिने गेटच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला पेटवली होती, वारा समोरच्या प्लॉटकडे वाहत होता तिकडे. मी तूप घातलं, भात ठेवला. धूर आला, डोळ्यांत गेला. ताईने हात जोडले, मीही जोडले. आत जाण्याआधी अंगणातल्या नळावर मी शर्ट काढून झटकला, आणि हात कोपरापर्यंत धुतले, नखांतून, दोनदा.